चोपन्न सेंटीमीटर

गुनवोरच्या बापाचं बोटघर
आता बटाट्यांच्या वाफ्याला लागून उभं आहे.
समुद्र गेला. म्हणजे गेला नाही,
जमीन वर आली.
हिमयुगाचं ओझं पाठीवरून उतरून
दहा हजार वर्षं झाली, तरी इथला खडक
अजून कंबर सरळ करतोय,
वर्षाला नखाच्या रुंदीएवढी.

ती शिकली सीझियमवर.
एस्पोच्या तळघरात एक लांब नळी, पंपांची घरघर,
नऊ अब्ज एकोणीस कोटी आणि पुढचं काहीबाही
(आकडा तिला तोंडपाठ, आम्हाला कधीच नाही)
एवढी आंदोलनं मोजली की एक सेकंद.
वेळ मारून न्यायची सोय नसलेला धंदा.
नवरा म्हणायचा, हिच्याकडे सेकंद मिळतो, वेळ नाही.
तो पुढे ओउलूला गेला, दुसऱ्या बाईकडे.
त्याचंही काही चुकलं नाही.

मग स्ट्रॉन्शियम.
निर्वात पेटीच्या खिडकीतून दिसणारा
मोहरीएवढा निळा ढग.
पहिल्यांदा दिसला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते,
आणि ती कुजबुजत बोलत होती,
पाळण्याशेजारी बोलतात तशी.
त्या वर्षी रोज संध्याकाळी पावणेसहाला
ढग बिथरायचा.
तीन आठवडे आम्ही आरशांवर संशय घेतला,
लेसरवर, एकमेकांवर.
निघालं काय, तर वरच्या मजल्यावर
वेइक्कोचं फरशी घासायचं यंत्र.
तिने त्याला खाली आणून ढग दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
'सकाळी घासतो.'
आभारांच्या यादीत त्याचं नाव आहे,
दोन प्राध्यापकांच्या आधी.

निवृत्तीला चार महिने उरले
तेव्हा घड्याळ ट्रेलरमध्ये भरून
आम्ही बेटावर नेलं.
फेरीबोटीत मी दर धक्क्याला डोळे मिटत होतो.
ती डेकवर कॉफी पीत उभी.

उंचावर काळ जरा घाईत असतो, एवढंच तत्त्व.
हाताचा तळवा उंचावला तरी फरक पडतो,
फक्त तो मोजणारं कुणी लागतं.
आधी ट्रेलर पाण्याच्या कडेला उभा केला, अकरा दिवस.
मग बोटघराच्या उंबऱ्याशी, अकरा दिवस.
तिच्या जन्माच्या साली
या उंबऱ्याला लाटा लागायच्या.
फरक निघाला चोपन्न सेंटीमीटर.
म्हणजे उंबरा पाण्यापेक्षा
वर्षाला दीड नॅनोसेकंद पुढे पळतो.

बाप, रूनार, दर जूनमध्ये
चाकूने दगडावर पाण्याची रेघ मारायचा.
रेघा अजून आहेत, शेवाळाखाली.
तिने पट्टी लावली. सत्तावन्न.
तीन सेंटीमीटर कुणाचे, यावर
आम्ही जेवणापर्यंत वाद घातला.
मी म्हटलं, चाकू तो चाकू.
ती म्हणाली, 'त्या दिवशी वारा असेल.'
घड्याळाच्या चुकांचा अंदाज
ती अठराव्या दशांशापर्यंत मांडते.
बापाच्या बाजूला तिने फक्त
'वारा' एवढं लिहिलं.

आई एक्याण्णव वर्षांची, खिडकीत.
तिला सगळं समजावून सांगितलं:
खाली काळ सावकाश, वर भरभर,
आपलं घर तेवढं पुढे.
म्हातारीने ऐकून घेतलं.
'म्हणून मी तुझ्या मावशीआधी म्हातारी झाले होय?
ती अजून पाण्याजवळ राहते.'
मग म्हणाली, बटाटे काढायचे राहिलेत.

ट्रेलर आत गुणगुणत होता.
गुनवोर गुडघ्यांवर बसून माती उकरत होती,
जिथे एके काळी नाव तरंगायची तिथे.
चौथ्या की पाचव्या रोपाखाली
जाळ्याचं एक शिसं लागलं, गोल, भोकाचं.
अणू खाली सोडून
गुरुत्व नऊ आकड्यांपर्यंत सांगणारी ती बाई
ते तळहातावर घेऊन
वरखाली करत राहिली,
बाजारात करतात तसं,
आणि कितीचं आहे ते
कुणालाच बोलली नाही.